न ऐकणारं मूल आणि त्याच्याभोवतीची मोठी माणसं

१९६०-७०च्या दशकांत अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, यूजीन नावाच्या गावी, काही घरांमध्ये परकी माणसं येऊन बसायची. हातात कागद आणि पेन्सिल. दर सहा सेकंदांनी ती कागदावर एक खूण करायची. घरच्यांना अटी होत्या: सगळ्यांनी हजर राहायचं, दोनच खोल्यांत वावरायचं, टीव्ही बंद ठेवायचा, पाहुणे बोलवायचे नाहीत, कुणाला फोन लावायचा नाही. बाकी रोजच्यासारखं वागायचं. या घरांमध्ये एकेक मूल असं होतं, की ज्याच्यापुढे आईबाप आणि शाळा दोघांनीही हात टेकले होते. जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाला त्या मुलाच्या मनात खोल काय दडलंय याचा अंदाज बांधायचा नव्हता. त्यांना साधी नोंद हवी होती: कोण काय करतं, आणि पुढच्या क्षणी त्यावर दुसरा काय करतो.

आपल्याकडच्या घरात ती नोंद घेतली, तर कशी दिसेल? आठ वर्षांचा मुलगा मोबाइलवर खेळतोय. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, ‘ठेव तो मोबाइल, पानं घेतलीयेत.’ उत्तर नाही. दुसऱ्यांदा आवाज चढतो. ‘पाच मिनिटं!’ तिसऱ्यांदा ती समोर येऊन हात पुढे करते. तो किंचाळतो, उशी भिरकावतो, ‘तू घाणेरडी आहेस’ म्हणतो. दिवसभराचं ऑफिस, लोकलची गर्दी, आल्या आल्या ओट्यापाशी उभं राहणं. तिच्यात आता भांडायचं त्राण नाही. ‘कर काय करायचं ते’ म्हणून ती आत जाते. घर शांत होतं.

यात मुलाला काय मिळालं ते उघड आहे. पुरेसा दंगा केला की मोठी माणसं मागणं मागे घेतात. पण आईलाही काही मिळालंय, आणि पॅटरसन यांचं खरं निरीक्षण ते आहे. माघार घेताच आरडाओरडा थांबला, म्हणून पुढच्या वेळी माघार घेणं तिला किंचित सोपं जाणार. दुसऱ्या दिवशी तीच आई मोबाइल हिसकावून घेते आणि पाठीत धपाटा घालते. मुलगा मुसमुसत पानावर येऊन बसतो. आज तिला कळलं की धपाटा लागू पडतो. मुलाला कळलं की ज्याचा जोर जास्त त्याचं चालतं. उद्या दोघंही कालच्यापेक्षा एक पायरी वरून सुरुवात करणार. दोघं एकमेकांना शिकवत असतात आणि आपण शिकतोय हे दोघांच्याही गावी नसतं. पॅटरसन यांनी १९८२च्या आपल्या ग्रंथात या जबरदस्तीच्या चक्राची सविस्तर मांडणी केली. या विषयात पुढे जे काही ठोस हाती लागलं, त्यातलं बरंचसं या मांडणीवर उभं आहे.

आपल्याकडे शिवाय हा खेळ दोघांत राहत नाही. आई ‘नाही’ म्हणते तेव्हा सोफ्यावरून आजीचा आवाज येतो, ‘दे गं, एवढं रडतंय पोर.’ बाबा साडेनऊला येतात. त्यांना दिवसातली मुलाबरोबरची वीस मिनिटं भांडणात घालवायची नसतात, म्हणून ते हो म्हणतात. आत्या सुट्टीत येते तेव्हा सगळेच नियम सुट्टीवर जातात. शिकण्याच्या मानसशास्त्रातला जुना, बी. एफ. स्किनर यांच्या काळापासूनचा निष्कर्ष असा की कधी फळ मिळणं आणि कधी न मिळणं यातून लागलेली सवय सगळ्यांत चिवट. नऊदा नकार आणि दहाव्यांदा होकार मिळाला, तर मागणं लॉटरीच्या तिकिटासारखं चालू राहतं. एकत्र घरात ‘नाही’चे मालक चार असतात. अर्थात त्याच घरात आईचा पारा चढल्यावर मुलाला अलगद दुसऱ्या खोलीत नेणारे आजोबाही असतात. ओरेगनच्या त्या घरांमध्ये बहुधा तशी सोय नव्हती. माणसं जास्त असणं अडचणीचं की सोयीचं, हे त्यांचं आपसात ठरलंय की नाही यावर अवलंबून असतं.

मुळात कुठलं मूल ‘न ऐकणारं’ म्हणायचं? दोन-अडीच वर्षांचं मूल चावतं, ढकलतं, बाजारात फतकल मारून बसतं. कॅनडातल्या माँट्रियलचे संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांनी हजारो मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवलं की मारणं-ढकलणं मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. दोन ते चार या वयात ते सर्वाधिक असतं आणि मग बहुतेक मुलं ते आवरायला शिकतात. म्हणून ‘हा असलं कुठून शिकला?’ हा नातेवाइकांचा आवडता प्रश्न उलटा आहे. याला आवरायला शिकायचं कुठे अडलं, हे विचारायला हवं.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली सततच्या न ऐकण्याला पहिल्यांदा स्वतंत्र नाव मिळालं; मराठीत त्याला अवज्ञेचा विकार म्हणता येईल. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत आठ लक्षणं तीन गटांत दिली आहेत: चिडका, रागीट स्वभाव, वाद घालणं आणि मुद्दाम न ऐकणं, आणि डूख धरणं. यातली किमान चार, किमान सहा महिने, आणि भावंडांखेरीज आणखी कुणाशी तरी दिसायला हवीत. पाच वर्षांच्या आतल्या मुलात बहुतेक रोज, त्यापुढे आठवड्यातून निदान एकदा. याच पुस्तिकेप्रमाणे सरासरी सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मुलांत हे आढळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणातही ही अवस्था आहे. या नावाबद्दल माझं मत संमिश्र आहे. ‘मोठ्यांशी वारंवार वाद घालतो’ हे लक्षण मोजायला समोर मोठं माणूस लागतं, आणि ते माणूस किती वाद सहन करतं यावर मोजमाप बदलतं. आपल्या कित्येक घरांत ‘का?’ विचारणं हेच उलट उत्तर ठरतं. पण नाव मिळाल्याने एक झालं: ‘वांड’, ‘आडमुठा’, ‘द्वाड’ या शिक्क्यांच्या जागी किती दिवस, किती वेळा, कुठे कुठे असे प्रश्न आले.

मग दोष आईबापांचा का? पॅटरसन यांच्या मांडणीचा अर्थ अनेकांनी तसाच काढला. १९८६ साली कॅनडात अँडरसन, लिटन आणि रॉमनी या तिघांनी एक सुंदर प्रयोग केला. वर्तनसमस्या असलेल्या मुलांच्या आया आणि तशी समस्या नसलेल्या मुलांच्या आया, अशा दोन्हींना त्यांनी आपल्या मुलाबरोबर, दुसऱ्याच्या शांत मुलाबरोबर आणि दुसऱ्याच्या त्रासदायक मुलाबरोबर बसवलं. त्रासदायक मुलासमोर दोन्ही प्रकारच्या आया सारख्याच चिडचिड्या, हुकूम सोडणाऱ्या झाल्या. त्याआधी रसेल बार्कले आणि चार्ल्स कनिंगहॅम यांना अतिचंचल मुलांबाबत असंच दिसलं होतं. औषधाने मुलाची चंचलता कमी झाली की आईचं ओरडणं आणि सूचनांचा मारा आपोआप उतरायचा. आईला कुणी काही शिकवलं नव्हतं. तेव्हा ‘आई अशी म्हणून मूल असं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि ते म्हणणाऱ्या शेजारणीला ते मूल एक दिवस सांभाळायला द्यावं.

न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने सुरू केलेल्या अभ्यासातही हाच धागा आहे. त्यांच्या पाहणीत सुमारे १० टक्के बाळं तान्हेपणापासूनच ‘अवघड’ होती: झोपेची वेळ नाही, भुकेची वेळ नाही, नवं काही आलं की आकांत. पण अवघड बाळ पुढे अवघड मूल झालंच पाहिजे असं नव्हतं. स्वभाव आणि घराची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर बरंच ठरत होतं. त्याच शहरातल्या पोर्तो रिकोहून आलेल्या कामगार कुटुंबांत मुलं कधीही झोपली तरी कुणाची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती शाळेची घंटा आयुष्यात आल्यावर. आपल्याकडे सकाळी सातच्या शाळेची स्कूलबस सव्वासहाला येते. किती ‘हट्टी’ मुलं प्रत्यक्षात फक्त झोपाळलेली आहेत, हे एकदा मोजायला हवं.

उपायांची वंशावळ एका अशा बाईपर्यंत जाते, जिने फारसं काही छापलंच नाही. कॉन्स्टन्स हॅन्फ ओरेगनच्याच वैद्यकीय विद्यापीठात काम करत होत्या. त्यांनी दोन टप्प्यांची एक पद्धत बसवली. पहिल्या टप्प्यात आईबापांनी मुलाच्या खेळात त्याच्या मागे जायचं; दुसऱ्यात स्पष्ट सूचना द्यायच्या आणि त्यांचे परिणाम पाळायचे. त्यांच्याकडून थेट किंवा आडवाटेने शिकलेल्या माणसांनी पुढे जगभर पसरलेले कार्यक्रम उभे केले. शीला आयबर्ग यांची पालक-मूल संवाद उपचारपद्धती, सिॲटलमधल्या कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन यांचे व्हिडिओ दाखवून चालणारे पालकगट, रेक्स फोरहँड आणि रॉबर्ट मॅकमहॉन यांचा कार्यक्रम, बार्कले यांचं पुस्तक. ऑस्ट्रेलियात मॅट सँडर्स यांनी उभारलेला ‘ट्रिपल पी’ हा त्यांचा चुलतभाऊ म्हणता येईल.

आयबर्ग यांच्या पद्धतीत आई मुलाबरोबर एका खोलीत खेळते. एकतर्फी काचेपलीकडे प्रशिक्षक बसलेला असतो आणि आईच्या कानातल्या छोट्या यंत्रात तो हळूच सांगत राहतो: आता त्याचं वाक्य परत म्हणा, आता काही विचारू नका. घरी रोज पाच मिनिटं असाच खेळ. त्या पाच मिनिटांत हुकूम नाहीत, टीका नाही आणि प्रश्नही नाहीत. मराठी पालकाला यातली तिसरी अट सगळ्यांत जड जाईल. आपला मुलांबरोबरचा खेळ म्हणजे तोंडी परीक्षा असते. ‘हा कुठला रंग? आणि हा? मोज बघू किती चाकं?’ मुलाने हत्ती जांभळा रंगवला की आपण तो दुरुस्त करतो. दिवसातून पाच मिनिटं मुलाला कुणी सुधारत नाहीये, एवढ्याने काय होणार असं वाटतं. पण ज्या मुलाच्या कानावर सकाळपासून फक्त ‘उठ, आवर, नको, थांब, किती वेळा सांगायचं’ हेच पडतंय, त्याला मोठ्या माणसाच्या शब्दाला मान देण्याजोगं कारण हवं असतं. ते खेळात तयार होतं. म्हणून क्रम उलटा चालत नाही. आधी शिस्त बसू दे, मग खेळू, असं म्हणणारे पालक पहिला टप्पा गाळतात आणि दुसरा लागू पडत नाही म्हणून पद्धतीला नावं ठेवतात.

सूचना देण्याचंही तंत्र आहे. ‘दप्तर भरूया का?’ हा प्रश्न आहे, त्याला ‘नाही’ हे उत्तर असू शकतं. ‘नीट वाग’ म्हणजे काय करायचं हे मोठ्यालाही सांगता येणार नाही. ‘उठ, दात घास, गणवेश घाल, आणि बाटली कुठे टाकलीस काल?’ या साखळीतली पहिली कडी ऐकेपर्यंत चौथी येते. त्याऐवजी एका वेळी एकच गोष्ट, जवळ जाऊन, काय करू नकोस याच्याऐवजी काय कर ते सांगायचं: ‘चपला कपाटात ठेव.’ आणि मग पाच सेकंद गप्प राहायचं. ही पाच सेकंदं फार लांब वाटतात. बहुतेक आईबाप दुसऱ्या सेकंदाला पुन्हा बोलतात.

ऐकलं तर कौतुक, तेही नेमक्या शब्दांत: ‘पहिल्या हाकेला उठलास, मला बरं वाटलं.’ इथे आपली गाडी अडते. तोंडावर स्तुती केली की पोर शेफारतं, ही समजूत घराघरांत आहे. शिवाय दृष्ट लागते. आणि कौतुक केलंच तर शेपटीला काटा लावून करतो: ‘आज केलंस ना? मग रोज करायला काय होतं?’ मुलाला फक्त काटा ऐकू येतो. किरकोळ कुरकुरीकडे, तोंड वेंगाडण्याकडे, दाणदाण पावलं आपटण्याकडे दुर्लक्ष करा असंही हे कार्यक्रम सांगतात. त्यात एक मेख आहे, ती आधी माहीत असलेली बरी. जी आदळआपट इतके दिवस फळ देत होती ती फळेनाशी झाली, की आधी ती वाढते. पहिल्या आठवड्यात घर पूर्वीपेक्षा वाईट दिसतं. याच आठवड्यात आजी म्हणते, ‘काय मेलं ते शास्त्र, पोराचे हाल.’ तिथे माघार घेतली तर मुलाला आणखी मोठ्या आवाजाची किंमत कळते.

चांगल्या वागण्याबद्दल तारे, टिकल्या, गुण, आणि ते साठले की एखादी गंमत, हा या सगळ्या कार्यक्रमांचा भाग. त्यावर आपल्या मातीतला एक भारदस्त आक्षेप आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका आणि त्यांच्याबरोबर काम करून पुढे बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक हे माँटेसोरीच्या विचाराचे. त्यांना शिक्षा नको होती आणि बक्षीसही नको होतं. बक्षिसासाठी वागणारं मूल बक्षीस देणाऱ्याचं गुलाम होतं, असा त्या विचाराचा रोख. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी एका बालवाडीत केलेला प्रयोग त्याला दुजोराच देतो. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना बक्षिसाचं आमिष दाखवल्यावर, पुढे ती मुलं आपणहून कमी चित्रं काढू लागली.

मला हा आक्षेप अर्धा पटतो. लेपर यांच्या मुलांना चित्रं काढायला आधीच आवडत होती. त्यांचं काहीतरी बक्षिसाने हिरावून घेतलं. रागाच्या भरात हात न उगारणं कुठल्याच मुलाला आवडत नसतं. तिथे हिरावण्यासारखं काही नाही, सराव होण्यासारखं पुष्कळ आहे. येल विद्यापीठातले ॲलन कॅझडिन यांची भूमिका साधारण अशी की बक्षीस हे वागण्याचा सराव घडवून आणण्यापुरतं. सराव झाला की ते गळून पडलं पाहिजे. ताराबाईंच्या बालवाडीतलं मूल मोकळ्या वातावरणात, त्याच्या मापाच्या साधनांत, प्रशिक्षित शिक्षिकेसमोर होतं. दोन खोल्यांच्या घरात, दमलेल्या आईसमोर असलेल्या मुलाला तो आदर्श जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र दहावीत टक्के मिळाले तर बाइक, ही आपली बक्षिसाची कल्पना ताराबाई आणि कॅझडिन दोघांनाही अमान्य झाली असती. लांबचं, मोठं आणि अनिश्चित बक्षीस वागणं बदलत नाही. संध्याकाळी मिळणारी, आजच्या आज संपणारी छोटी गोष्ट बदलते.

आता माराबद्दल. ‘श्यामची आई’त पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि विहिरीकडे धाडते. पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचकाने तो मार प्रेमाचा म्हणून वाचला. मारामागे प्रेम असू शकतं हे खरंच आहे, पण मारल्याने काय होतं हा वेगळा प्रश्न. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-कायलर यांनी २०१६ साली ७५ अभ्यासांतल्या १,६०,९२७ मुलांची माहिती एकत्र केली. तपासलेल्या १७ परिणामांपैकी १३ बाबतींत मार आणि नुकसान यांचा संबंध दिसला. फायद्याच्या बाजूने एकही ठोस संबंध निघाला नाही. याला विरोधही आहे. रॉबर्ट लार्झेलेअर म्हणतात की त्रासदायक मुलांनाच जास्त मार बसतो, तेव्हा कार्य कुठलं आणि कारण कुठलं? आणि करड्या, लाडावणाऱ्या आणि समतोल अशा पालकपणाच्या तीन तऱ्हा सांगणाऱ्या डायना बॉमरिंड, ज्यांचं नाव मारविरोधी भाषणांत सर्रास घेतलं जातं, त्या स्वतः सौम्य चापटीला सरसकट घातक म्हणायला तयार नव्हत्या. हा वाद शास्त्रीय आहे आणि पुरता मिटलेला नाही. पण न ऐकणाऱ्या मुलापुरता त्याचा निकाल पॅटरसन यांच्या नोंदींतच लागतो. ज्या घरात जोराला जोर हीच भाषा आहे, तिथे मार म्हणजे त्याच भाषेतलं आणखी एक वाक्य. मूल तेरा-चौदा वर्षांचं, आईपेक्षा उंच झालं की ती भाषा आईच्या हातून जाते.

शाळेपुरता आपला कायदा स्पष्ट आहे. गोव्याच्या २००३च्या बाल कायद्याने शाळेतली छडी बंद केली. देशभरासाठी २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. स्वीडनने १९७९ साली घरातल्या मारावरही बंदी आणली होती. आपल्याकडे घरातल्या धपाट्यावर तशी थेट बंदी नाही.

माराऐवजी हे कार्यक्रम थोडा वेळ बाजूला बसवायला सांगतात. त्यावरही टीका झाली. २०१४ साली डॅनियल सीगल आणि टीना ब्रायसन यांनी ‘टाइम’ साप्ताहिकात असं एकटं बसवणं मुलाला दुखावतं असं लिहिलं, आणि मग सीगल यांना आपला रोख चुकीच्या वापरावर होता असा खुलासा करावा लागला. चुकीचा वापर आपल्याला परका नाही. न्हाणीघरात कोंडणं, दाराबाहेर उभं करणं, ‘पोलिसाला देईन’ म्हणणं हे बाजूला बसवणं नव्हे. मूळ कल्पना कंटाळ्याची आहे, भीतीची नाही: थोडी मिनिटं, डोळ्यांसमोर, जिथे काहीच घडत नाही अशा जागी. चाळीतल्या एका खोलीत अशी जागा कुठून आणायची हा प्रश्न रास्त आहे. तिथे कधीकधी आईनेच दोन मिनिटं नजर आणि बोलणं काढून घ्यावं लागतं.

या सगळ्या मुशीच्या बाहेरचा एक आवाज रॉस ग्रीन यांचा. १९९८ सालच्या त्यांच्या ‘द एक्स्प्लोझिव्ह चाइल्ड’ या पुस्तकाचा मुद्दा असा की मूल मुद्दाम बिघडत नाही. लवचिकता, मनासारखं न होणं सोसणं, अडचण सोडवणं ही कौशल्यंच त्याच्यात कच्ची असतात. बक्षीस-शिक्षा त्याला इच्छा देतील, कौशल्य देणार नाहीत. म्हणून ठिणगी पडायच्या आधी, शांत वेळी, मुलाबरोबर बसून विचारायचं: गृहपाठाच्या वेळी नेमकं काय अडतं? मग दोघांना चालेल असा तोडगा काढायचा. बक्षीस-शिक्षेच्या बाजूचे लोक याला लाड म्हणायचे. २०१६ साली थॉमस ओलेन्डिक यांच्या गटाने १३४ मुलांवर दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. दोन्हींचा निकाल जवळजवळ सारखा आला: साधारण निम्मी मुलं बरी किंवा खूप सुधारलेली. म्हणजे दोन्ही बाजू बरोबर, आणि दोन्हींकडे निम्मी मुलं उरतात. प्रचारपत्रकांत हे दुसरं वाक्य सहसा नसतं.

पुराव्यांबद्दल आणखी एक कडू गोष्ट. २०१२ साली फिलिप विल्सन आणि सहकाऱ्यांनी ‘ट्रिपल पी’वरचे अभ्यास तपासले, तेव्हा जवळजवळ सगळे त्या कार्यक्रमाशी संबंधित लोकांनीच लिहिलेले निघाले, आणि फायदा मुख्यतः आयांनी भरलेल्या प्रश्नावल्यांत दिसत होता. संपूर्ण लोकसंख्येला दीर्घकाळ फायदा होतो याचा पटण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. हे सगळ्या कार्यक्रमांना लागू होत नाही. पण ‘आयांनी भरलेल्या’ या शब्दांशी थोडं थांबावं. या क्षेत्रातलं बहुतांश संशोधन ‘पालक’ म्हणतं तेव्हा समोर आई असते. आपल्याकडच्या समुपदेशन केंद्रांच्या बाकांवरही तीच असते. एका बाजूने शिकलेलं तंत्र दुसऱ्या बाजूने ‘बाबांना येऊ दे, मग सांगते’ या वाक्यात विरून जातं.

न ऐकण्याच्या खाली दुसरं काही दडलंय का, हे आधी पाहायला हवं. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अतिचंचलतेच्या मोठ्या अभ्यासात ५७९ मुलं होती. त्यातल्या सुमारे ४० टक्क्यांना अवज्ञेचं हेही निदान लागू होतं. अतिचंचल मुलाला ‘एकदा सांगून कळत नाही’ याचं कारण अनेकदा उर्मटपणा नसून निसटलेलं लक्ष असतं. अध्ययन अक्षमतेचंही तसंच. वाचता न येणाऱ्या मुलाला वर्गात ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘मस्तीखोर’ म्हणवून घेणं परवडतं. महाराष्ट्राने १९९६ साली अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या आणि मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या तपासणी केंद्रासारख्या ठिकाणी ती ओळखली जाऊ लागली. पण तपासणीपर्यंत पोहोचण्याआधी कित्येक मुलं चार-पाच वर्षं शिक्षा भोगून आलेली असतात. कमी ऐकू येणं, अपुरी झोप, घरातली मारहाण, आईचं नैराश्य, वडिलांची दारू: यातलं एखादं असेल तर तारे-टिकल्यांनी काही होणार नाही.

चिडकेपणा आणि आडमुठेपणा यांतही फरक आहे. आर्गिरिस स्ट्रिंगारिस आणि रॉबर्ट गुडमन यांनी २००९ साली दाखवलं की सतत चिडलेल्या मुलांचा पुढचा धोका नैराश्य आणि चिंतेचा असतो. नुसत्या हेकेखोर मुलांचा तसा नाही. काही थोड्या मुलांत अपराधभाव आणि दुसऱ्याच्या वेदनेची जाण कमी असते. त्यांना शिक्षा फारशी लागू पडत नाही, बक्षीस आणि आपुलकी पडते, असं डेव्हिड हॉज आणि मार्क डॅड्स यांना २००५ साली आढळलं. मोठ्या मुलांबाबत टेरी मॉफिट यांनी न्यूझीलंडच्या डनेडिन शहरातल्या १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या पाहणीवरून सांगितलेली विभागणी अजून उपयोगी आहे: ज्यांचं बिघडणं बालपणी सुरू होऊन टिकतं अशी थोडी मुलं, आणि फक्त किशोरवयात बिघडून सावरणारी बरीच. नववीतल्या मुलाने अचानक दार आपटायला सुरुवात केली, तर तो बहुधा दुसऱ्या गटातला असतो.

औषधांबद्दल थोडक्यात. अवज्ञेवर औषध नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१३ची मार्गदर्शक सूत्रं नेहमीच्या उपचारात गोळ्या देऊ नका असं सांगतात. अतिचंचलता सोबत असेल तर तिच्यावर औषध द्यावं, आणि आक्रमकता अतितीव्र असेल, इतर उपाय थकले असतील, तरच थोड्या काळासाठी रिस्पेरिडोन या औषधाचा विचार करावा, असं ती म्हणतात.

आपल्याकडे मदत कुठे? मुंबईत टाटांच्या समाजकार्य शाळेने १९३७ सालीच बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं. पुण्यात १९८७पासून ‘पालकनीती’ मासिक, ठाण्यात १९९०पासून डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्य संस्था, गोव्यात १९९६पासून ‘संगाथ’ ही संस्था. शहरी, वाचणाऱ्या पालकांना वाटा आहेत. शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला, आणि त्यातून जिल्हा रुग्णालयांत लवकर निदान केंद्रं आली. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. ज्या १२ राज्यांत ते झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता. २०२२पासून टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

समुपदेशकाकडे जायचं ठरलं, तर तीन ते अकरा वयाच्या मुलाबाबत पहिल्याच भेटीत एक गोष्ट विचारावी: तुम्ही आम्हाला शिकवणार आहात, की मुलाला एकट्याला आत बसवून गप्पा मारणार आहात? ‘नाइस’ची सूत्रं या वयासाठी पालकांच्या गटाला पुढे करतात, साधारण १० ते १६ बैठका, प्रत्येकी दीड-दोन तासांच्या. मुलाला आठवड्यातून एकदा तासभर कुणीतरी समजावून सांगणं हा त्याला पर्याय नाही, कारण भांडण त्या खोलीत होतच नाही. आणि बैठकीला बाबांना, जमलं तर आजीलाही, बरोबर घेऊन येऊ का, हेही विचारावं. नको म्हणणारा समुपदेशक बदलायला हरकत नाही.